पंप वाढवण्याआधी दगड हलवा: आठ फुटी रीफ टँकमधला प्रवाह

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या घराच्या बेसमेंटमध्ये ३०० गॅलनचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातल्या जिवंत प्रवाळांचा टँक) आहे: ८ फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट उंच. लाइव्ह रॉकची (जिवाणूंची वस्ती असलेल्या सच्छिद्र दगडांची) एक सलग भिंत मागच्या काचेला टेकवून रचली आहे. डाव्या आणि उजव्या काचेवर एकेक मोठा वेव्हमेकर (टँकमधलंच पाणी ढकलणारा पंप), दोन्ही समोरासमोर तोंड करून. तरीही दगडांमागे गाळ साचतो, उजव्या पुढच्या कोपऱ्यात वाळूवर लाल-किरमिजी थर धरतो, पंपासमोरच्या अ‍ॅक्रोपोराची (फांद्यांचा कठीण प्रवाळ) त्याच बाजूची त्वचा सोलली जाते आहे आणि टॉर्च कोरल (लांब शुंडकांचा प्रवाळ) धड उघडत नाही. विचारलं आहे की रिटर्न पंप मोठा घ्यावा, की आणखी दोन वेव्हमेकर लावावेत?

आत्ता दोन्ही नको. या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. काही जागी प्रवाह नको तितका आहे आणि काही जागी अजिबात नाही. अशा टँकमध्ये पंप वाढवला की जिथे जास्त आहे तिथे आणखी जास्त होतं आणि जिथे नाही तिथे काहीच पोचत नाही. तुमच्याकडे ताकद पुरेशी आहे, पाण्याला जायला वाट नाही.

आधी रिटर्न पंपाचा विषय संपवू. रिटर्न पंपाचं काम संपमधलं (टँकखालच्या गाळण-टाकीतलं) पाणी वर आणायचं, बस. पृष्ठभागावरचा तेलकट थर ओव्हरफ्लोतून (काठाजवळच्या सांडव्यातून) खाली जावा, हीटरचं आणि स्किमरचं (बुडबुड्यांनी घाण काढणाऱ्या यंत्राचं) पाणी टँकशी मिसळत राहावं, एवढ्यासाठी तासाला टँकच्या पाण्याच्या ३ ते ५ पट पुरतं. तुमच्या टँकची काचेपासून काचेपर्यंतची क्षमता साधारण १,१३० लिटर असली तरी दगड आणि वाळू वजा केली, पाण्याची पातळी काठाखाली धरली, की खरं पाणी १,००० लिटरच्या आसपासच असेल. म्हणजे ताशी ३,००० ते ५,००० लिटर. त्याहून जास्त ओढलंत तर ओव्हरफ्लोचा आवाज वाढतो, संपमध्ये बारीक बुडबुडे तयार होऊन वर येतात आणि प्रवाळांना त्याचा काही फायदा होत नाही. स्किमरलाही नाही, कारण त्याचा स्वतःचा पंप जेवढं ओढतो तेवढंच पाणी तो साफ करतो.

खोक्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो, हे विसरू नका. दीड मीटर चढ आणि चार-पाच एल्बो (पाइपाची वळणं) मध्ये आले की त्यातला मोठा हिस्सा गळून पडतो. त्यामुळे आकडा वाचू नका, मोजा. रिटर्नच्या तोंडाला नळी लावून २० लिटरची बादली भरा. १८ सेकंदांत भरली तर ताशी ४,००० लिटर झाले. दोन तोंडं असतील तर दोन्ही मोजून बेरीज करा. कमी भरलं तर पंप बदलण्याआधी पाइप बघा. तेवढंच पाणी १ इंची पाइपाऐवजी दीड इंची पाइपातून नेलं तर घर्षणाचा अडथळा साधारण सातव्या हिश्शावर येतो. ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन लावले तरी थोडा फरक पडतो.

आता मुख्य गोष्ट. या छंदात प्रवाह म्हटलं की पहिला प्रश्न येतो "टर्नओव्हर किती पट?", म्हणजे पंप ताशी टँकच्या पाण्याच्या किती पट पाणी ढकलतात. एसपीएससाठी (छोट्या पॉलिपचे, म्हणजे छोट्या शुंडकांच्या जीवांचे कठीण प्रवाळ) ४० पट, एलपीएससाठी (मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ) २० पट वगैरे. हे आकडे अगदीच निरुपयोगी नाहीत. तुमच्या टँकमध्ये ताशी ४०,००० लिटरची क्षमता असावी, एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो. पण पंपातून किती लिटर गेले याचं प्रवाळाला काही नसतं. त्याच्या अंगावरून पाणी किती वेगाने आणि किती दिशांनी जातं, यावर त्याचं सगळं अवलंबून असतं.

प्रवाळाच्या पृष्ठभागाला पाण्याचा एक अगदी पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटून असतो. आत जाणारं आणि बाहेर येणारं सगळं या थरातून झिरपतच जातं. रात्री ऑक्सिजन आत यायचा असतो. दिवसा उलट, पेशींमधली शैवालं प्रकाशात इतका ऑक्सिजन तयार करतात की तो बाहेर काढणं ही गरज होते. प्रवाह वाढला की हा थर पातळ होतो आणि देवघेव सोपी होते. प्रवाळाने टाकलेला चिकट स्रावही धुऊन जातो. १९९८ च्या उष्णतेच्या लाटेत जगभर प्रवाळ पांढरे पडले, त्यानंतर ओकिनावात झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: सारख्याच गरम पाण्यात ठेवलेल्या अ‍ॅक्रोपोरापैकी जोरकस प्रवाहातले बरेच तगले, जवळजवळ थांबलेल्या पाण्यातले मेले. तेव्हा प्रवाहाकडे गाळ उडवण्याचं साधन म्हणून बघत असाल तर त्याचं मोठं काम नजरेआड होतं.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. काचेवर बाहेरून ३० सेंटिमीटर अंतरावर टेपच्या दोन खुणा करा आणि चिमूटभर बुडणारं बारीक खाद्य त्यांच्या अलीकडे सोडा. २ सेकंदांत पार झालं तर वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर. माझा स्वतःचा ठोकताळा असा: अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांजवळ १५ ते २५, मॉन्टिपोराला (हाही एसपीएस) थोडं कमी, टॉर्च-हॅमरसारख्या लांब शुंडकांच्या प्रवाळांना ५ च्या आसपास, आणि वाळूच्या वर बोटभर उंचीवर निदान ३. टँकमध्ये दहा-बारा ठिकाणी असं मोजून कागदावर वरून दिसेल तसा नकाशा काढा. तुमच्या टँकचा नकाशा कसा येईल हे मी इथूनच सांगतो: दोन्ही टोकांना ५०-६०, मधोमध गोंधळ, दगडांमागे शून्य.

मधोमध गोंधळ का, तर दोन पंप समोरासमोर आहेत. बैलगाडीला दोन्ही टोकांना बैल जुंपल्यासारखं हे आहे. मेहनत भरपूर, गाडी जागेवर. दोन धारा मध्यावर आदळतात, त्यांची गती भोवऱ्यांमध्ये विरते आणि टँकमधलं पाणी एका दिशेने कधी सरकतच नाही. मधल्या फूट-दीड फुटातल्या एसपीएसना हा गोंधळ आवडतो, हे कबूल. अनेक सुंदर टँक केवळ त्या पट्ट्याचे फोटो दाखवतात. पण ८ फुटांपैकी उरलेल्या साडेसहा फुटांचं काय?

दुसरी गोष्ट, पंपाच्या तोंडातून निघालेली धार पुढे जाताना आजूबाजूचं पाणी ओढून घेते. त्यामुळे ती रुंद होते आणि मंद होते. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की धारेच्या मध्याचा वेग साधारण निम्मा होतो. म्हणून तोंडापासून २०-२५ सेंटिमीटरवर बसवलेला अ‍ॅक्रोपोरा सोलला जातो आणि त्याच धारेत मीटरभर पुढे बसवलेला खुशाल वाढतो. आणि म्हणूनच, तेवढीच वीज खाऊन रुंद तोंडातून संथपणे पाणी ढकलणारा पंप टँकमधल्या पाण्याच्या साठ्याला जास्त गती देतो. जुन्या काळचे बारीक तोंडाचे पॉवरहेड मागे पडून २००० नंतर पंख्याचे पंप सगळीकडे आले, आणि मग आडव्या लाटण्यासारख्या फिरकीचे क्रॉसफ्लो पंप आले, त्यामागे हेच गणित आहे.

मग करायचं काय? पहिलं काम दगडांचं.

सलग भिंत मोडा. मागच्या काचेपासून निदान ४ इंच, जमलं तर ६ इंच मोकळी जागा सोडा. ओव्हरफ्लोची पेटी मागच्या बाजूला टँकमध्ये घुसलेली असेल तर तिच्या पुढच्या कडेपासूनही तेवढीच. दोन्ही टोकांना फूटभर मोकळं. उरलेल्या जागेत एकाऐवजी दोन किंवा तीन बेटं करा, मध्ये हात सहज जाईल एवढ्या खिंडी ठेवा आणि प्रत्येक बेटाला खालून आरपार कमान ठेवा. दगड वाळूवर पसरून न ठेवता तीन-चार टेकूंवर उभे राहिले पाहिजेत. फायबरग्लासच्या कांड्या आणि रीफचा इपॉक्सी वापरून हे पक्कं होतं. नुसतं एकावर एक रचून ठेवू नका, एखादा टर्बो गोगलगाय रात्रीत कमान पाडतो. बरेच दगड उरतील. उरू द्या. ते संपमध्ये टाका. टँक जरा उघडा वाटेल, पण प्रवाळ वाढले की वर्षा-दोन वर्षांत भरून निघतो. नव्या टँकमध्ये दगड कोंबायची सवय आपल्याकडच्या शोकेसमध्ये बाहुल्या भरण्याच्या सवयीइतकीच चिवट आहे.

हे एका रविवारी उरकू नका. आठवड्याला एक भाग घ्या. आधी त्या भागातला गाळ सायफनने ओढून घ्या, मग दगड उचला, मग त्याखालचा गाळ ओढा. वाळूचा थर जाड आणि जुना असेल तर तो ढवळायचा नाही, कारण खालच्या काळ्या पडलेल्या थरात हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. सडक्या अंड्याचा वास आला की थांबा, पाणी बदला आणि स्किमरची हवा पूर्ण उघडा.

भिंत हटली की टँकमध्ये पुढून आणि मागून अशा दोन लांब वाटा तयार होतात. आता तुमचेच दोन पंप तिरक्या कोपऱ्यांत लावा. डाव्या काचेवरचा पंप पुढच्या काचेजवळ सरकवा, त्याची धार पुढच्या काचेलगत उजवीकडे जाऊ द्या. उजव्या काचेवरचा पंप मागच्या काचेजवळ न्या, त्याची धार दगडांमागून डावीकडे. वरून पाहिलं तर सगळं पाणी घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरायला लागेल. दोन्ही पंप आता एकमेकांना मदत करतात. पाणी एकदा गतीत आलं की ती टिकवायला कमी जोर लागतो, म्हणून आधी दोन्ही पंप निम्म्यावर ठेवून बघा. बऱ्याचदा आश्चर्य वाटेल इतकं फिरतं.

यात बहुतेकांचा हात घाईत कंट्रोलरवर जातो आणि "रँडम" किंवा दर काही सेकंदांची "पल्स" निवडली जाते. दिसायला छान, पॉलिप डोलतात. पण टनभर पाण्याला एका दिशेने वेग धरायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तुम्ही पाच सेकंदांनी मन बदललंत तर ते कधीच वेग धरत नाही. फक्त पंपाजवळचं पाणी थरथरतं. मी एक दिशा निदान तासभर ठेवतो.

एकच दिशा कायम ठेवली तर काय बिघडतं? प्रत्येक बेटाच्या मागे, प्रवाहाच्या सावलीत, एकेक शांत खळगा राहतो आणि गाळ तिथेच बसतो. मालवणला ओहोटीच्या वेळी खडकांवरचं शेवाळ बघितलं असेल तर ते एका लाटेबरोबर किनाऱ्याकडे आडवं होतं आणि दुसऱ्या क्षणी समुद्राकडे. रीफवर कोणतीही सावली कायमची नसते. (बघाच, पण तिथून प्रवाळाचा तुकडा उचलायचा विचारही नको, कठीण प्रवाळ भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत.) म्हणजे दिशा उलटवायला हवी, आणि तुम्हाला आणखी दोन पंप घ्यायचेच असतील तर ते या कामासाठी घ्या: डाव्या काचेवर मागे आणि उजव्या काचेवर पुढे. एक जोडी चालू असताना दुसरी अगदी मंद ठेवायची, मग अदलाबदल. पण ही खरेदी दगड हलवून, दोन-तीन आठवडे नकाशा पुन्हा काढून झाल्यावरच. उलट फिरू शकणारे क्रॉसफ्लो पंप घेतलेत तर दोनांत भागतं; मात्र त्यांच्या फिरकीत केस, शेवाळाचे धागे लवकर अडकतात, साफसफाईचा कंटाळा असेल तर ते घेऊ नका.

लाट निर्माण करायचा मोह होईल, म्हणून तेही सांगतो. प्रत्येक टँकची हिंदकळण्याची एक स्वतःची लय असते. तुमच्या लांबी-खोलीला ती साधारण २ सेकंदांची येते. पंपाची पल्स बरोबर त्या लयीला जुळवली की पूर्ण पाणी डावीकडून उजवीकडे झुलतं. दगडांच्या फटींतला गाळ त्याने झकास निघतो, हे खरं. पण टनभर वजन दिवसभर दर दोन सेकंदांनी काचेच्या जोडांवर आणि स्टँडवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात राहतं, ओव्हरफ्लो घोटघोट करतो आणि संपमधली पातळी नाचते. गाळ काढायच्या दिवशी दहा मिनिटं लावा, रोज नको. ज्यांना खऱ्या लाटेचं वेड आहे त्यांच्यासाठी हवाईतल्या वाइकीकी अ‍ॅक्वेरियमच्या ब्रूस कार्लसन यांच्या नावाने ओळखलं जाणारं सर्ज यंत्र आहे: उंचावर एक टाकी, तिच्यात हळूहळू पाणी चढतं आणि ठरावीक पातळीला सायफन लागून सगळं एकदम खाली येतं. फिरणारा एकही भाग नाही आणि परिणाम अप्रतिम. पण आवाज, बुडबुडे आणि क्षारांचे शिंतोडे बेसमेंटच्या छतापर्यंत जातात. क्लोज्ड लूपबद्दल (टँकच्या भोकातून पाणी घेऊन बाहेरच्या पंपाने परत टँकमध्येच सोडणारी पाइपव्यवस्था) एवढंच, की भरलेल्या टँकला भोकं पाडता येत नाहीत, तेव्हा तुमच्यासाठी तो विषय नाही.

पृष्ठभागाचं वेगळं बघा. दोन पंपांपैकी एकाची धार किंचित वर वळवा, पाणी चमकत हललं पाहिजे, उसळून फेस व्हायला नको. रात्री वेव्हमेकर मंद करायची पद्धत आहे, माझा तिला विरोध नाही, पण टँकमधला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, तेव्हा पृष्ठभागाची हालचाल रात्रीही तेवढीच ठेवा. आणि तिकडच्या हिवाळ्यात घर बंद असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो; तो पाणी कितीही हलवून वर येणार नाही, कारण हवाच तशी आहे. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा.

टॉर्च कोरलसाठी पंप वळवत बसू नका, टॉर्च हलवा. बेटाच्या आडोशाला, जिथे मोजमाप ४-५ येतं तिथे ठेवा. शुंडकं सावकाश झुलली पाहिजेत. एकाच बाजूला ताणून राहिली तर जास्त आहे. सोललेल्या अ‍ॅक्रोपोराला धारेतून बाजूला घ्या, तोंडापासून निदान ४० सेंटिमीटर. उघड्या सांगाड्यावर शेवाळ चढलं असेल तर तेवढी फांदी छाटून निरोगी तुकडा नव्या जागी लावा. पंपांचा जोर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. लाल थर सायनोबॅक्टेरियाचा असावा. तो सायफनने ओढून घ्या आणि तिथला वेग वाढल्यावर किती परत येतो ते बघा. प्रवाह सुधारूनही महिन्याभराने तसाच येत असेल तर नायट्रेट-फॉस्फेट तपासा, कारण हा प्रश्न नेहमी एकट्या प्रवाहाचा नसतो. वाळू उडत असेल तर साखरेसारखी बारीक वाळू काढून २-३ मिलिमीटर दाण्याची अ‍ॅरागोनाइट घाला, हळूहळू.

गाळ कुठे बसतो ते शोधायची माझी पद्धत: रात्री दिवे बंद करून टर्की बेस्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या ड्रॉपरने) दगडांवर फुंकर मारायची आणि बाजूच्या काचेतून विजेरीचा झोत टाकायचा. प्रत्येक कण दिसतो, कुठून कुठे जातो ते दिसतं आणि कुठे खाली बसतो तेही. कण ओव्हरफ्लोपर्यंत पोचले की तुमचं काम झालं.

पंपांची निगा हा कंटाळवाणा भाग, पण मोठ्या टँकमध्ये "हल्ली प्रवाह कमी वाटतो" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच निघतं. फिरकीवर आणि जाळीवर गुलाबी कोरलाइन शैवाल चढतं, जोर इतका हळूहळू घटतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही. दर तीन महिन्यांनी व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या फिक्या द्रावणात तासभर ठेवून ब्रशने साफ करा. एक फिरकी सुटी घेऊन ठेवा. अ‍ॅनिमोन असेल तर जाळीवर स्पंजाचं आवरण चढवा, तो चालत जाऊन पंपात अडकतो आणि मग पूर्ण टँक विषारी होतो.

वीज गेल्यावर दोन गोष्टी घडतात. एक, प्रवाह थांबतो आणि काही तासांत ऑक्सिजन उतरतो. दोन वेव्हमेकर दोन वेगळ्या सर्किटवर घ्या आणि त्यातला एक डीसी पंप बॅटरीवर चालेल असा ठेवा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे १,२०० वॉट-तास. १५ वॉटवर मंद ठेवलेला पंप त्यावर दोन-तीन दिवस चालतो. हीटरला ती बॅटरी लावू नका, तासाभरात संपेल.

दोन, रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटं संपमध्ये ओढलं जातं. तुमच्या टँकचा पृष्ठभाग एवढा मोठा आहे की पातळी १ इंच उतरली तरी ४७ लिटर पाणी खाली जातं. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाखाली ३ इंच असेल तर १४० लिटर. तेवढी जागा संपमध्ये रिकामी आहे का, हे आज संध्याकाळीच स्वतः टँकजवळ उभं राहून, पंपाचा प्लग काढून बघा. तोंडाजवळ पृष्ठभागाच्या अगदी खाली पाइपाला एक भोक पाडलं तर हवा शिरून सायफन तुटतो, मात्र गोगलगायी आणि शैवाल ते भोक बुजवतात, तेव्हा फक्त त्याच्यावर विसंबू नका. तोंडच पृष्ठभागाच्या जवळ आणा. नंतर दगड हलवलेत किंवा पंप बदललेत की ही चाचणी पुन्हा करायची.